ग्लासगोचं पॅनल

आमच्या गुणवंतरावांना शारजात येऊन तीस वर्षं झाली, आणि या तीस वर्षांत त्यांनी एकदाही मत दिलेलं नाही. इथे आपल्याला मत नसतंच. तिकडे विट्याच्या यादीत नाव आहे, पण मतदानाच्या दिवशी हे नेमके इथे, लिफ्टच्या कंपनीत परचेस ऑर्डरी काढत बसलेले. एकदा हट्टाने रजा टाकून, तिकीट काढून गेले, तर कोणीतरी सकाळीच यांच्या नावावर मत टाकून मोकळा झाला होता. वर बूथवरच्या बाईंनी यांनाच विचारलं, की तुम्ही नक्की तुम्हीच का? त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी तो विषय निघाला की हे त्या दिवशी जेवत नाहीत. म्हणून आमच्याकडे तो विषय भाजी कमी असेल त्याच दिवशी काढायचा, असा मी नियम केला आहे.

अशा मताला भुकेल्या माणसाची एकुलती एक मुलगी निवडणुकीला उभी राहिली. विट्यात नाही, शारजात तर नाहीच नाही. स्कॉटलंडमध्ये.

ओवी शारजातल्या अल नहदा भागात वाढली, आम्ही आजही राहतो त्याच टॉवरमध्ये. तिच्या शाळेत वर्गाचा मॉनिटरसुद्धा टीचरच नेमायच्या. पासपोर्ट भारताचा, पण भारत म्हणजे जुलै-ऑगस्टची सुट्टी. जन्म इथला, पण इथे आपण सगळेच व्हिसाच्या तारखेपुरते. ती शिकायला ग्लासगोला गेली आणि पहिल्याच वर्षी तिच्या दारात एक पत्रक येऊन पडलं, की तुम्ही इथे राहता, तेव्हा मतदार म्हणून नाव नोंदवा. आपल्या देशातून गेलेली, रीतसर परवाना घेऊन राहणारी माणसं तिथे मत देऊ शकतात. तिने फोन केला तेव्हा तिला रडू आवरत नव्हतं. मला वाटलं पाकीट मारलं. तर म्हणते, "आई, दे वॉन्ट टु नो व्हॉट आय थिंक." त्या दिवशी ही मुलगी त्या गावाची झाली, हे मला शारजात बसून कळलं, आणि वाईटही वाटलं, बरंही वाटलं.

पुढे ती तिथेच राहिली. ओल आलेल्या भिंतींच्या घरांत राहणाऱ्या भाडेकरूंना मदत करणाऱ्या एका संस्थेत कामाला लागली, मग एका लहानशा पक्षात गेली, आणि त्या पक्षाने तिला स्कॉटलंडच्या संसदेसाठी उमेदवारी दिली. ही लंडनची नव्हे. स्कॉटलंडची स्वतःची संसद एडिंबरात आहे. शाळा, दवाखाने, घरं हे सगळं तिच्याच हातात. जानेवारीत ओवीने नोकरी सोडली. निवडून आली तर पाच वर्षं एडिंबरात बसून त्या ओल्या भिंतींबद्दल बोलणार, पडली तर घरी बसणार. मला विचाराल तर मी देव पाण्यात घालून बसले होते.

गुणवंतरावांनी मात्र देव वगैरे पाण्यात घातला नाही. त्यांनी बाह्या सरसावल्या.

यांचा निवडणुकीचा अनुभव म्हणजे कॉलेजात असताना विट्यात चिठ्ठ्या वाटल्या तेवढा. पण आवेश असा, की मंत्रिमंडळं यांच्याच हातून गेली. आणि सगळ्या अनुभवाचं सार एकच, पॅनल. त्यांचे चुलते एकदा सोसायटीच्या निवडणुकीला पॅनल करून उभे होते. अख्खं पॅनल आलं, चुलते तेवढे पडले. सख्ख्या मेहुण्याने बाकी सगळे शिक्के पॅनलला मारले आणि चुलत्यांच्या जागी समोरच्याला मारला, असं गावात निघालं. खरं-खोटं देव जाणे. पण त्या मेहुण्याच्या घरी आमच्यातलं कोणी आजही पाणी पीत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मला सासूबाईंनी देवघर दाखवायच्या आधी ते घर दाखवलं होतं, कुठे जायचं नाही हे कळावं म्हणून. तेव्हा आमच्या ह्यांच्या लेखी जगात दोनच पापं, एक क्रॉस व्होटिंग आणि दुसरं लिफ्टमध्ये वर जायचं असताना खालचं बटण दाबणं.

ओवीने उमेदवारीची बातमी दिली तेव्हा आम्ही दोघं फोनसमोर खांद्याला खांदा लावून बसलो होतो. ती म्हणाली, तिचं नाव यादीत दुसरं आहे. यांचा चेहरा उतरला.

"दुसरी? पहिली कोण?"

पहिली मोरॅग नावाची बाई, जुनी आमदार. ओवीने मग शांतपणे सगळी पद्धत सांगितली. प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका मिळतात. एक आपल्या मतदारसंघातल्या माणसासाठी, दुसरी पक्षासाठी. मतदारसंघ कोणी जिंकले ते आधी ठरतं. मग अख्ख्या ग्लासगो विभागाची पक्षांची मतं मोजतात, आणि ज्या पक्षाला मतं भरपूर पण मतदारसंघ मिळाले नाहीत, त्याला यादीतून जागा देऊन तूट भरून काढतात. ओवीच्या पक्षाला मतदारसंघ कधीच मिळत नाही. म्हणूनच यादीतून दोन जागा मिळायच्या बेतात होत्या, एक मोरॅगची आणि एक ओवीची.

ती हे इंग्रजीत सांगत होती, मध्ये मध्ये आमच्यासाठी मराठीची फोडणी देत. गुणवंतराव मान हलवत होते. मी या मानेला पस्तीस वर्षं ओळखते. ती कान बंद झाल्यावर हलते.

ती थांबल्यावर यांनी विचारलं, "मग तुझा वॉर्ड कुठला?"

वॉर्ड नाही, असं ती म्हणाली. ती फक्त यादीवर. ग्लासगोतल्या एका मतदारसंघात पक्षाने ॲलिस्टर नावाचे गृहस्थ उभे केले होते, पण ते आपले नावाला. ते निवृत्त पोस्टमन, दर वेळी उभे राहतात, दर वेळी पडतात, तेवढंच चालणं होतं म्हणतात. तिथे खरी लढत दोन मोठ्या पक्षांची. पक्षाची बरीच माणसं पहिलं मत त्यातल्या त्यात बऱ्या अशा स्टुअर्ट नावाच्या उमेदवाराला देतात आणि दुसरं मत आपल्या पक्षाला. त्यात काही वाईट नाही, उलट आपल्याला तेच सोयीचं आहे, असं ओवी म्हणाली.

इथे मात्र यांचे कान उघडले. फोन ठेवल्यावर हे बराच वेळ खिडकीतून दुबईच्या दिशेने तुंबलेल्या गाड्या बघत उभे होते. मग म्हणाले, "शोभना, अख्खं गाव क्रॉस व्होटिंग करतंय, आणि पोरगी हसत सांगतेय."

मी म्हटलं, तिला कळतं तिचं. तर म्हणाले, पोरगी भोळी आहे, स्वतःच्या माणसासाठी मत मागायला लाजते. वॉर्डातला माणूस पडला की पॅनल पडतं, हे विट्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

आता शारजात बसून हा माणूस ग्लासगोत काय दिवे लावणार, असं मला वाटलं. ओवीलाही तेच वाटलं. पण आम्ही दोघी ओवेसला विसरलो होतो.

ओवेस म्हणजे आमच्या टॉवरखालच्या सलूनचा मालक. मूळचा फैसलाबादचा. गेली पंधरा वर्षं गुणवंतरावांच्या डोक्यावरचे उरलेसुरले केस तोच सांभाळतो, आणि त्या बदल्यात यांच्याकडून भारत-पाकिस्तान सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर भाषणं ऐकतो. त्या दोन विषयांवर दोघांचा करार आहे, खुर्चीत बसल्यावर बोलायचं नाही. एका शनिवारी दाढी करता करता यांनी लेकीची निवडणूक काढली. ओवेसचा वस्तरा थांबला. ग्लासगोच्या कुठल्या भागात, असं त्याने विचारलं. यांनी ॲलिस्टरच्या मतदारसंघाचं नाव सांगितलं. ओवेसने वस्तरा पुसून ठेवला.

"भाईसाब, वहाँ तो मेरे ताया जी रहते हैं. आधा फैसलाबाद उधर ही है."

ताया जी म्हणजे वडिलांचे थोरले बंधू. चाळीस वर्षांपूर्वी गेलेले, किराण्याचं मोठं घाऊक दुकान, आणि शब्दाला वजन असं की त्या भागातली लग्नं त्यांना विचारून ठरतात. यांनी ओवेसला पॅनल ही गोष्ट समजावून सांगायला घेतली. ओवेसला समजवावीच लागली नाही. फैसलाबादेतही ती अगदी तशीच चालते म्हणाला. दोघांच्या डोळ्यांत जी चमक आली म्हणे, ती मी पाहिली नाही, पण हे अर्धी दाढी तशीच ठेवून वर आले, त्यावरून अंदाज आला.

"बेटी आपकी है तो हमारी भी है," असं ओवेस म्हणाल्याचं यांनी मला तीन वेळा सांगितलं.  तिसऱ्या वेळी मी चहा ठेवला.

त्यानंतर आमचं घर प्रचार कार्यालय झालं. ऑफिसातला धनंजय, त्याची मेहुणी ग्लासगोच्या दवाखान्यात नर्स, तिच्या बरोबरच्या केरळच्या नर्सेस, त्यांचं चर्च, चर्चमधले नायजेरियाचे लोक. एकाचा नंबर मिळाला की हे दहा नंबर काढायचे. लिफ्टचे सुटे भाग चीनवरून मागवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला माणसं मागवणं काय अवघड. ऑफिसातून आले की चप्पलसुद्धा न काढता फोनला लागायचे. मी मुगाची खिचडी समोर ठेवायची, ती गार व्हायची, आणि तिकडे कोणा मिसेस ओकाफोरना हे सांगत असायचे, की मॅडम, टू व्होट्स, सेम पार्टी, नो क्रॉसिंग.

एक फ्लेक्सही झाला. विट्याच्या माणसाकडून करून घेतला. मध्ये ओवी हात जोडून, शेजारी ॲलिस्टर, त्यांचेही हात जोडलेले, ते कोणाचे हात होते कुणास ठाऊक, आणि खाली शुभेच्छुक म्हणून गोल गोल चौकटींत गुणवंतराव, ओवेस, धनंजय आणि ताया जी. ओवीला पाठवला तर तिने उलटा फोन करून अक्षरशः हात जोडले, की हा कुठेही लावू नका. मग हातांची ती जोडी तरी खरी निघाली, असं मी म्हटलं. यांना ते आवडलं नाही.

सगळ्यांत मजा ॲलिस्टरची. यांनी दर रविवारी त्यांची व्हिडिओवर मीटिंग लावली. बिचारे पांढऱ्या मिशांचे सालस गृहस्थ, मागे सोफ्यावर बायको विणकाम करत बसलेली. यांनी सांगितलं, दारोदार जा. ते म्हणाले, दारं तर मला सगळी ठाऊक आहेत, चाळीस वर्षं पत्रं टाकली आहेत. यांनी सांगितलं, ताया जींच्या दुकानात जाऊन चहा प्या, घाई करू नका, दुसरा कपही घ्या. ते गेले, आणि दुसऱ्या कपानंतर जेवूनच परत आले. त्यांना ते इतकं आवडलं की रोज जायला लागले. निकालानंतरच्या आठवड्यात आम्ही दोघं स्पेनला चाललो आहोत, तीन महिने, असं त्यांची बायको मध्येच म्हणाली. यांनी तिच्याकडे, ऐन पंगतीत निघायची घाई करणाऱ्या पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं.

एप्रिलमध्ये ओवीला काहीतरी कुणकुण लागली. ती अख्ख्या विभागात हिंडत होती, आणि त्या एका मतदारसंघात दार उघडलं की लोक म्हणायचे, हो हो, दोन्ही मतं तुम्हालाच, शारजावरून फोन आला होता. तिने यांना फोन करून सांगितलं, बाबा, फक्त दुसरं मत मागा. पक्षाचं मत. पहिल्या मताचं नाव काढू नका. हे हो हो म्हणाले. तिने परत सांगितलं. हे परत हो म्हणाले. मग तिने मला वेगळा फोन केला. मी म्हटलं, बाई गं, तूच थांबव, माझं तर हा माणूस मिठाच्या बाबतीतसुद्धा ऐकत नाही. ती हसली. म्हणाली, जाऊ दे आई, ही इज सो हॅपी. ॲलिस्टर काही जिंकत नाही. शारजातल्या एका काकांचं ऐकून कोण मत देणार आहे?

मतदानाच्या गुरुवारी यांनी रजा टाकली, पांढरा शर्ट घातला आणि सकाळपासून फोनवर बसले. मत झालं का, आईंचं झालं का, गाडी पाठवू का? गाडी कुठून पाठवणार होते, विचारू नका. तिकडे बोटाला शाई लावत नाहीत हे कळल्यावर यांना धक्काच बसला. मग मत दिलं हे कळणार कसं, असं त्यांनी ताया जींना विचारलं. ताया जी म्हणाले, मी सांगितलंय म्हणजे दिलंय.

शुक्रवारी मोजणी. आमच्याकडे दुपारपासून टीव्हीला लॅपटॉप जोडलेला. ओवेस सलून पोऱ्यांवर सोपवून वर आला होता, इस्त्रीच्या कुर्त्यात. पेढे आदल्याच दिवशी बर दुबईहून आणून ठेवले होते. ऐंशी दिरहम किलो, म्हणजे जवळपास दोन हजार रुपये, असं दुकानात मोठ्याने म्हणून यांनी स्वतःच कपाळाला हात लावला होता, आणि तरी तीन किलो घेतले होते.

संध्याकाळी ॲलिस्टरच्या मतदारसंघाचा निकाल आला. मंचावर सगळे उमेदवार रांगेत उभे. अधिकारीण बाई एकेक आकडा वाचत होत्या. स्टुअर्टचा आकडा आला. मग ॲलिस्टरचा आला, आणि तो जास्त होता. फार नाही. एका मोठ्या लग्नात मावतील इतक्याच माणसांनी जास्त. पण जास्त होता. पडद्यावर ॲलिस्टर गोठून उभे होते, आणि गर्दीत त्यांच्या बायकोने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. लोकांना वाटलं आनंदाने.

आमच्या घरात जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. गुणवंतराव ओवेसच्या गळ्यात पडले, ओवेस त्यांच्या. दोघं रडत होते. "आलं, पॅनल आलं," एवढंच हे म्हणत होते. मग पेढ्यांचा खोका घेऊन निघाले. मजल्यावरची सगळी दारं, वॉचमन, खालचा किराणावाला, लिफ्टमध्ये भेटलेला एक अनोळखी सुदानी गृहस्थ. तो पेढा खाऊन मबरूक म्हणाला, म्हणजे अभिनंदन, आणि कशाबद्दल ते त्याने विचारलं नाही. ॲलिस्टरनी भाषणात आभार मानले, ताया जींचे मानले, आणि शेवटी म्हणाले, की शारजातले माझे मित्र गुणवंत, ज्यांच्यामुळे मी इथे उभा आहे. जगाच्या पाठीवर माइकमधून यांचं नाव पहिल्यांदाच घेतलं गेलं असेल. त्या क्षणी मलाही, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला. तीस वर्षं ज्याला कोणी काही विचारलं नाही, त्याने एक माणूस निवडून आणला होता.

यादीचा निकाल लागायचा होता. ती तर आता औपचारिकता, असं हे म्हणाले. जेवायची पानं घेतली. श्रीखंड होतं. ओवेसही बसला.

पहिला घास घेतला आणि पडद्यावर यादीचा निकाल वाचायला लागले. मोठ्या पक्षांची नावं झाली. मग ओवीच्या पक्षाची जागा सांगितली. एक. मोरॅग. आणि वाचणाऱ्या बाई पुढच्या पक्षाकडे वळल्या.

आम्ही वाट बघत राहिलो. शेवटी बाईंनी सगळ्यांना धन्यवाद दिले. पडद्याच्या कोपऱ्यात ओवी दिसली. ती टाळ्या वाजवत होती. मग ती ॲलिस्टरपाशी गेली आणि तिने त्यांना मिठी मारली, आणि ते काहीतरी सारखं सारखं बोलत होते आणि ती मान हलवून नाही नाही म्हणत होती.

"दुसरं नाव वाचायचं राहिलं," हे म्हणाले. "फेरमोजणी मागायला सांग."

मी म्हटलं, ओवीचा फोन येईल, तोवर गप्प बसा. पंधरा-वीस मिनिटांनी आला. ती हॉलच्या बाहेर कुठल्यातरी जिन्यात बसली होती. डोळे लाल, पण आवाज ठीक. हे सुरूच झाले, वकील, तक्रार, फेरमोजणी.

"बाबा," ती म्हणाली, "आता मी बोलते. मध्ये बोलू नका."

 मग तिने इंग्रजी सोडलं. सगळं मराठीत सांगितलं, शब्द शोधत शोधत.

"विट्याला लग्नात पंगत असते ना, तसं आहे. जिलब्या दोन फेऱ्यांत वाढतात. पहिल्या फेरीत ज्याच्या ताटात पडली, त्याला दुसऱ्या फेरीत तेवढी कमी. आमचं ताट पहिल्या फेरीत नेहमी रिकामं. म्हणून वाढपी दुसऱ्या फेरीत आम्हाला दोन देतो. या वेळी पहिल्या फेरीत ॲलिस्टरना एक मिळाली. मग दुसऱ्या फेरीत एकच. ती मोरॅगची."

"म्हणजे एकूण दोन," हे म्हणाले.

"एकूण दोनच. आधीपासून दोनच होत्या."

लिफ्टच्या कंपनीत सगळा हिशेब तोंडपाठ ठेवणारा माणूस. पण हा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर उतरायला वेळ लागला. मला आधी कळला, आणि मला इतका राग आला की समोरचं श्रीखंडाचं पातेलं उचलून आत नेऊन ठेवलं. परत आले तर हे तसेच बसलेले.

"म्हणजे मी काहीच केलं नसतं," ते म्हणाले, "नुसता घरी झोपून राहिलो असतो, तर तू आली असतीस."

"हो, बाबा."

ओवेसला मराठी येत नाही. पण पंधरा वर्षं आमच्या टॉवरखाली राहिलेला माणूस, त्याला एवढं कळलं. त्याने हातातली पुरी ताटात ठेवली.

"मतलब बिटिया को हमने हरा दिया?"

 मला रडू आलं. पोरीची नोकरी गेली, एवढ्या महिन्यांची वणवण फुकट गेली. ज्या गावाने तिला पहिल्यांदा विचारलं होतं की तुला काय वाटतं, त्या गावाच्या संसदेच्या दाराशी ती पोचली होती, आणि बापाने प्रेमाने ते दार ओढून घेतलं होतं. आणि या सगळ्या महिन्यांत हा माणूस चार देशांच्या, तीन धर्मांच्या माणसांचं ऐकत होता, मिसेस ओकाफोरच्या गुडघ्यांचंसुद्धा ऐकत होता. ज्या एकीला यातलं काही कळत होतं, तिचं तेवढं ऐकलं नाही. मी हे सगळं तोंडावर म्हणाले. ओवेससमोर म्हणाले.

यांनी सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. थोड्या वेळाने मात्र विचारलं, ॲलिस्टरने राजीनामा दिला तर? तसं ते म्हणतही होते, असं ओवी म्हणाली, त्यांची बायको तिकिटं हातात घेऊन रडतेय. पण राजीनामा दिला तर त्या मतदारसंघात फक्त पोटनिवडणूक होईल, यादी काही बदलणार नाही. पोटनिवडणूक म्हटल्यावर यांची मान किंचित वर झाली, तशी ओवी आणि मी दोघी एकदम "नाही" म्हणालो.

मग ओवी हसायला लागली. आधी रडल्यासारखं, मग खरंच. मी तुमच्यावर रागावले आहे, उद्याही रागावलेली असेन, असं तिने सांगून टाकलं. पण ताया जी मघाशी अख्खं घर घेऊन आले होते म्हणाली. सुना, नातवंडं, सगळ्यांनी पहिल्यांदाच मत दिलं होतं. चाळीस वर्षांत त्या भागात कोणी त्यांच्याकडे असं रोज रोज मत मागितलंच नव्हतं. त्यांना मी हरले हे सांगायचं माझ्याच जिवावर आलं, असं ती म्हणाली.

"पाच वर्षांनी परत आहे, बाबा," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही आमचं काम करू नका. समोरच्याचं करा. जोरात करा."

ती गमतीत म्हणाली. मीही गमतीतच घेतलं, डोळे पुसले आणि ओवेसच्या ताटात पुन्हा पुरी वाढली. पण गुणवंतराव हसले नाहीत. ते पडद्याकडे बघत होते, लेकीच्या लाल डोळ्यांकडे. त्यांच्या जिभेवर काहीतरी येत होतं आणि परत जात होतं. सासूबाई असत्या तर त्यांनी कानावर हात ठेवले असते, असलं काहीतरी हा माणूस बोलणार आहे, हे मला आधीच कळलं.

"तो समोरचा," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "काय नाव म्हणालीस त्याचं?"

"स्टुअर्ट."

"स्टुअर्ट," ते म्हणाले. आणि मग ओवेसकडे वळून, त्यालाही नीट पाठ व्हावं म्हणून, पुन्हा एकदा म्हणाले.